एस्प्रेसोसाठी कॉफी घरी भाजताना

उन्हाळ्यात वर्षाची कांदा-लसूण चटणी करणाऱ्या कोल्हापुरी घरांना भाजण्याचं नाक असतंच. कॉफीला मात्र नाकाच्या जोडीला कानही लागतो.

आधी दाणा कोणता घ्यायचा ते पाहू. एस्प्रेसोत साधारण ९ बार दाबाचं पाणी बारीक पुडीतून २५-३० सेकंदांत जातं आणि हाती येतात दोन-तीन घोट. इतक्या घट्ट पेयात दाण्याचा आंबटपणा जिभेला झोंबतो. म्हणून मला मान्सून्ड मलबार आवडते. किनाऱ्यावरच्या गोदामांत कच्च्या दाण्यांना पावसाळी वारं देतात, दाणे फुगून फिकट होतात आणि आंबटपणा बराच उतरतो. (आपल्या घरातल्या कच्च्या दाण्यांना मात्र पावसाळ्यात ओल लागू देऊ नका, डबा हवाबंदच हवा.) चिकमंगळूरची अरेबिका घेतलीत, तर तीन भागांना एक भाग रोबस्टा, ही कॉफीची दुसरी जात, घाला. रोबस्टात कॅफिन जवळपास दुप्पट असतं आणि फेस दाट येतो. गंगावेशीतल्या कट्ट्यावरचं म्हशीचं घट्ट दूध घालणार असाल, तर रोबस्टा थोडी वाढवली तरी चालेल, नाहीतर कॉफीची चव दुधात बुडते.

आता भाजणी. जाड लोखंडी कढई, मध्यम आच, हात थांबवायचा नाही. कच्च्या दाण्यात १० ते १२ टक्के पाणी असतं, ते उडताना दाणा पिवळा पडतो आणि गवताचा वास जाऊन भाजक्या पावाचा येतो. दीडशे अंशांच्या आसपास शर्करा आणि अमिनो आम्लं यांची मेयार अभिक्रिया जोर धरते. तपकिरी रंग आणि कॉफीचा बराचसा सुगंध तिचाच. १९१२ साली लुई कामिय मेयार या फ्रेंच रसायनज्ञाने तिचं वर्णन केलं.

दोनशे अंशांच्या थोडं अलीकडे पहिली तडतड ऐकू येते. आत कोंडलेली वाफ आणि वायू दाणा फोडतात, तो फुगतो. सव्वादोनशेच्या सुमारास दुसरी, बारीक चटचट सुरू होते, मग तेल वर येतं आणि करपट कडूपणाही. एस्प्रेसोसाठी या दोन आवाजांच्या मधली शांतता पकडायची. उतरवलेले दाणे कढईत ठेवू नका, आतल्या उष्णतेने ते भाजतच राहतात. चाळणीत ओतून पंख्याखाली हलवा, फोलपटंही उडून जातील.

त्याच दिवशी मात्र एस्प्रेसो करू नका. दाण्यात कार्बन डायऑक्साइड भरलेला असतो, त्यामुळे पाणी पुडीतून सारखं झिरपत नाही, फेस भसाभस येतो आणि चव बोचरी लागते. पाच ते दहा दिवस थांबा. डब्यातून वायू बाहेर पडायला वाट हवी, बाहेरची हवा मात्र आत जाता कामा नये.