नदी सरकली की नकाशा?

तापीचा जुना एक इंची (एका मैलाला एक इंच) नकाशा स्कॅन करून आजच्या उपग्रहचित्रावर ठेवला, की काठ शे-सव्वाशे मीटर हललेला दिसतो. त्यावरून पात्र बदललं म्हणून मोकळं होऊ नका. भुसावळच्या आसपास नदी उंच दरडींच्या गाळात खोल रुतून वाहते. तिचे दोन्ही काठ एकाच दिशेला, एकाच मापाने सरकले असतील तर आधी संशय नकाशावर घ्यावा.

जुन्या नकाशांची अक्षांश-रेखांशांची जाळी एव्हरेस्ट लंबगोलावर, म्हणजे पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या गणिती मापावर मांडलेली आहे, उपग्रहचित्रांची डब्ल्यूजीएस 84 या आजच्या जागतिक मापावर. हे रूपांतर राहिलं तर आपल्या पट्ट्यात जुनी रेघ अंदाजे 80 मीटर दक्षिणेला आणि 100 मीटर पूर्वेला, म्हणजे आग्नेयेला पडते. नदीसोबत चांगदेवचं दगडी मंदिर आणि रेल्वेचा फाटाही तेवढाच सरकतो. मंदिर काही चालत गेलेलं नाही. काठ खरोखर सरकतो तेव्हा मंदिर मंदिरावर बसतं, वळणाची बाहेरची बाजू कापली जाते आणि आतल्या बाजूला गाळ साचतो.

क्यूजिस या नकाशांच्या संगणकप्रणालीत नकाशाची शिट बसवताना चार कोपरे आणि कडेच्या व आतल्या दर 5 मिनिटांच्या छेदखुणा, असे 16 बिंदू घ्या. निर्देशांक प्रणाली कालियानपूर 1975 द्या; ईपीएसजी या प्रणालींच्या यादीत तिचा क्रमांक 4146. यादीतली ‘इंडियन 1975’ (4240) नावाने फसवते, ती थायलंडकडची आहे. मग 32643 मध्ये, म्हणजे डब्ल्यूजीएस 84 वरच्या मीटरमधल्या प्रणालीत रूपांतर करा. थिन प्लेट स्प्लाइन, म्हणजे प्रत्येक बिंदूवर नकाशा ओढून बसवणारी पद्धत, वापरू नका. त्यात उरलेली चूक शून्य दिसते, पण चुकीचा बिंदू तसाच राहून कागद ताणतो. साधं पहिल्या घाताचं रूपांतर, जे सगळा कागद एकसारखाच सरकवतं, फिरवतं आणि ताणतं, चूक उघडी पाडतं. या प्रमाणावर, 1:63,360 ला, अर्धा मिलिमीटर म्हणजे 32 मीटर. त्याहून कमी सरकलेल्या काठावर बोलूच नये. तापी-पूर्णा संगमाजवळून 76 अंश रेखांश जातो, त्यामुळे त्याच्या पश्चिमेची 46 ओ आणि पूर्वेची 55 सी या दोन्ही मालिकांच्या शिट जोडाव्या लागतात. जोडावरची तुटलेली रेघही नदीच्या माथी मारली जाते.

मग उंचीची माहिती काय कामाची? दरडीची धार आणि घळी तिच्यात दिसतात, पण एसआरटीएम, म्हणजे अंतराळयानातून रडारने मोजलेली उंची, फेब्रुवारी 2000 मधलं आहे आणि तापीवरचं हतनूर धरण 1982 चं. तापी-पूर्णा संगमाच्या वर त्यात पाण्याचा सपाट पृष्ठभाग मिळतो, खालचं पात्र नाही. त्या सपाटीच्या कडेला जुना काठ समजणं ही नेहमीची चूक. ती धरणामागे साठलेल्या पाण्याच्या फुगवट्याची कड आहे. पाणी वाढलं-घटलं की तीही हलते, म्हणून दोन तारखांच्या चित्रांतही काठ सरकल्याचा भास होतो. किनारपट्टीवर भरती-ओहोटीने होतं तेच.

फुगवट्याखालचं पात्र हवं असेल तर धरणापूर्वीची शिटच उघडावी. तिच्या समोच्च (सारख्या उंचीच्या) रेषा फुटांत आहेत, मीटरसाठी 0.3048 ने गुणा. 700 फुटांची रेषा 213.4 मीटरला येते आणि हतनूरची पूर्ण संचय पातळी 214 मीटर. भरलेल्या धरणाची कड त्या रेषेच्या जवळपास धावायला हवी. नदीची रेघ मात्र तिच्या आत, कागदावर जिथे काढली आहे तिथेच शोधायची.