मुरवलेला स्टेक, इटालियन धाटणीचा

मांसाचा धाग्यांना आडवा घेतलेला जाड काप मीठ, तेल, लसूण व लिंबाच्या रसात मुरवून कडक आचेवर भाजणे आणि वाढताना त्यावर टोमॅटो, हिरवी पाने, चीज असे कच्चे जिन्नस घालणे, अशी ही पाककृती आहे. इटलीत तिला सर्वांत जवळचा पदार्थ ‘ताल्याता’ होय. त्यात भाजलेल्या गोमांसाच्या तिरप्या फाकींवर बहुधा रुकोला या तिखटसर पालेभाजीची पाने, पार्मेझान चीजचे पातळ काप आणि ऑलिव्ह तेल असते. फ्लॉरेन्सचा विख्यात स्टेक मात्र परंपरेने मुरवत नाहीत.

कर्नाटकात २०२० च्या गोहत्या प्रतिबंधक कायद्याने गाय, बैल व वासरांच्या कत्तलीस बंदी असल्याने बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांत हा प्रकार घरी करायचा तर कोवळ्या बोकडाच्या मांडीचे बिनहाडाचे मटण घेणे सोयीचे ठरते. खाटकाकडून सुमारे दोन सेंटिमीटर जाडीचे काप आडवे काढून घ्यावेत, कारण उभ्या धाग्याचा काप कितीही मुरवला तरी चिवटच लागतो.

मुरवण आतपर्यंत पोहोचते हा समज चुकीचा आहे. मीठ हळूहळू आत शिरते, पण लसूण व मसाल्याची चव पृष्ठभागापासून काही मिलिमीटरांतच थांबते. सीमाभागातील स्वयंपाकघरांना परिचित असलेली कच्च्या पपईची पेस्ट पपेन या विकराच्या योगाने प्रथिने तोडते. ती चमचाभर पुरते, आणि जास्त वेळ ठेवल्यास कापाचा वरचा थर पिठूळ होतो. तव्यावर टाकण्यापूर्वी काप कापडाने कोरडा टिपावा. ओल राहिली की मांस खरपूस होण्याऐवजी वाफेवर शिजते, आणि भाजल्याचा खमंगपणा देणारी मेलार्ड अभिक्रिया साधारण १४० अंश सेल्सिअसच्या पुढेच जोर धरते. मधोमध ६३ अंश तापमान आल्यावर काप उतरवून किमान तीन मिनिटे तसाच ठेवावा.

वरच्या जिन्नसांसाठी बेळगावचा बाजार उत्तम आहे. गोव्यालाही येथूनच भाजी जाते. टोमॅटोच्या बिया काढून बारीक फोडी कराव्यात, त्यांत ठेचलेली लसूण, तेल आणि बेसिलची पाने घालावीत. ज्याचे बी फालुद्यात घालतात तो सब्जा म्हणजेच गोडी बेसिल, त्यामुळे ते कुंडीतही सहज लावता येते. टोमॅटोला मीठ मात्र अगदी वाढतानाच लावावे, नाहीतर सुटलेल्या पाण्याने भाजलेला खरपूस थर मऊ पडतो.