दीव सहलीतला गोमतीमाता किनारा : निघण्याआधी एवढं वाचा

नमस्कार. सहलीच्या तिसऱ्या दिवशी दुपारी आपण गोमतीमातेच्या किनाऱ्यावर जाणार आहोत. हे पत्रक त्या एका दुपारपुरतंच आहे, बाकीचं वेळापत्रक पावतीसोबत दिलं आहे. एका दुपारीसाठी वेगळा कागद छापायचं कारण म्हणजे आमच्याकडे सगळ्यात जास्त तक्रारी याच ठिकाणाच्या येतात, आणि पुन्हा नाव नोंदवायला येणारेही याच ठिकाणाचं नाव काढतात. तक्रार ठरलेली असते : "तिथं काहीच नाही हो!"

बरोबर आहे, काहीच नाही. वाळू, पाणी, वारा आणि मागे झाडं. पाण्यावरच्या स्कूटर, खाऊचे ठेले, गाणी हे सगळं हवं असेल तर त्यासाठी आदल्या दिवशीची संध्याकाळ नागोआला ठेवली आहे. घोड्याच्या नालेसारखा वळलेला तो किनारा सुंदरच आहे, पण तिथं गर्दी असते. तिसऱ्या दिवशीही नागोआलाच थांबायचं असेल तर आदल्या रात्री सहल व्यवस्थापकाला सांगा. कुणी रागावणार नाही. गोमतीमातेला येऊन तासाभरात "आता काय?" विचारण्यापेक्षा ते बरं.

नकाशावर जळगावातून पश्चिमेकडे आडवी रेघ ओढली तर ती दीवच्या थोडी वरून जाते, इतकं ते आपल्या समोर आहे. मध्ये खंभातचं आखात आडवं येतं. म्हणून आपण रेल्वेनं सुरत, तिथून हजिरा आणि हजिऱ्याहून २०२० साली सुरू झालेल्या रो-पॅक्स (माणसं आणि गाड्या दोन्ही नेणाऱ्या) बोटीनं घोघा असे जातो. आखाताला वळसा घातला तर हेच अंतर रस्त्यानं ३७० किलोमीटर पडतं. बोटीत चढताना जरा आजूबाजूला बघा. भुसावळच्या पुलावरून जी तापी रोज दिसते, ती इथंच समुद्राला मिळते. सुरतजवळच्या डुमसची काळी वाळू आणि गढूळ पाणी पाहून ज्यांनी "समुद्र असाच असतो" असं ठरवून टाकलंय, त्यांनी दीवला पोचेपर्यंत मत राखून ठेवावं. दीव उघड्या अरबी समुद्रावर आहे. बेट असलं तरी मधली खाडी अरुंद आहे, वर पूल आहे, त्यामुळे आपली गाडी थेट आत जाते.

वाटेत दोन फांद्यांचे ताड दिसतील. आपल्याकडचा ताड सरळसोट उभा, हा मात्र मध्येच दुभंगतो आणि प्रत्येक फांदी पुन्हा दुभंगते. तिकडे त्याला होका म्हणतात, मराठीत रावणताड.

आता भरती-ओहोटी. आपल्याला पाणी वाढण्याचं एकच गणित ठाऊक : वर पाऊस झाला, हतनूर धरणाचे दरवाजे उघडले, तापीला पूर आला. समुद्राला पावसाशी देणंघेणं नाही. साधारण सव्वासहा तास तो चढतो, तितकाच वेळ उतरतो, आणि रोजची वेळ आदल्या दिवसापेक्षा सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण, म्हणजे पाणी जास्त वर येतं आणि जास्त मागेही जातं. आम्ही तारखा काढताना दुपारी ओहोटी आणि आठवड्याचा मधला वार, दोन्ही बघतो. सहल शुक्रवारी न निघता सोमवारी का निघते, याचं उत्तर हेच. शनिवार-रविवारी दीवला गुजरातेतून गर्दी लोटते.

पहिल्या वर्षी आम्हालाही हे गणित नीट जमलं नव्हतं. ड्रायव्हरनं ओली वाळू सिमेंटसारखी घट्ट बघून टेम्पो ट्रॅव्हलर थेट खाली नेली. दोन तासांनी मागची चाकं रुतलेली आणि पाणी बंपरपाशी. जवळच्या वणाकबारा गावच्या मच्छीमारांनी दोर लावून ओढली म्हणून गाडी वाचली. तेव्हापासून गाडी रस्त्यावरच थांबते, पुढे पायी. वाळूवर वाळलेलं शेवाळ, शिंपल्यांचा चुरा, काटक्या यांची एक वेडीवाकडी रेघ दिसेल. मागची भरती तिथवर आली होती. सतरंजी आणि चपला तिच्या वरच ठेवा.

ओहोटीच्या ओल्या वाळूत उकिडवं बसून बघा. मोहरीएवढ्या गोळ्यांची रांगोळी घातलेली दिसेल, मध्ये एक भोक. बारीक खेकडे वाळूतलं खाणं चाटून घेतात आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकतात. तुम्ही हललात की सगळे गुडूप, दोन मिनिटं गप्प राहिलात की पुन्हा कामाला. मुलं यात तासभर रमतात. आजोबासुद्धा.

पाण्यात गुडघ्यापर्यंतच. "आम्ही गिरणेत पोहून मोठे झालो" हे आम्ही दर सहलीत ऐकतो. नदीचा ओढ एका दिशेला असतो, समुद्राचा नाही. किनाऱ्यावर आलेलं पाणी कुठल्यातरी अरुंद पट्ट्यातून जोरात परत जातं, आणि नेमक्या त्या पट्ट्यात लाटा कमी फुटतात, म्हणून तीच जागा शांत वाटते. त्यात सापडलात तर किनाऱ्याकडे झुंजू नका, दम संपतो. किनाऱ्याला समांतर बाजूला सरका आणि मग किनाऱ्याकडे या. जून ते सप्टेंबर आम्ही ही सहल काढतच नाही.

उन्हाचंही तेच. ४५ अंशांत तावून निघालेल्या भुसावळकरांना किनाऱ्यावरचं ऊन किरकोळ वाटतं, कारण वारा लागतो. रात्री मान आणि पायांचे पंजे भाजलेले कळतात. टोपी, पूर्ण बाह्या, माणशी दोन लिटर पाणी.

तिथं खायला काही मिळेल असं धरू नका. दशम्या, लसणाची चटणी आणि केळी आमच्याकडून. भरीत मागू नका, वाऱ्यानं त्यात वाळू जाते आणि मग कचकच. सालीसुद्धा परत पिशवीत. स्वच्छतागृह आणि कपडे बदलणं हॉटेलवरच उरकून निघा. आणि दीवला दारू मिळते, गुजरातेत बंदी आहे. परतीच्या सामानात बाटली सापडली तर ती ज्याची त्यानं निस्तरायची.

सूर्य तिथं जळगावपेक्षा साधारण १८ मिनिटं उशिरा मावळतो, त्यामुळे घरच्या घड्याळाच्या अंदाजानं घाई करू नका. मावळला की मात्र शिट्टी होईल, कारण अंधारात वाळूतून चालताना म्हातारी माणसं अडखळतात. पाय धुवायला गाडीशी पाण्याचा पिंप असतो. माणशी दोन मग.