न्यूट्रलला करंट नसतो?

‘टेस्टर पेटत नाही, म्हणजे न्यूट्रलला करंट नाही,’ असं न्यूट्रलबद्दल, म्हणजे करंट परत नेणाऱ्या वायरबद्दल, वायरमनकीच्या शिकाऊ पोरांना सर्रास सांगितलं जातं. साफ चूक. टेस्टर करंट दाखवतच नाही. जमिनीच्या तुलनेत व्होल्टेज आहे का, एवढंच तो सांगतो. न्यूट्रलला ट्रान्सफॉर्मरपाशी अर्थिंग (जमिनीशी जोडणी) असतं, म्हणून तिथं व्होल्टेज जवळपास शून्य. पण 230 व्होल्टवर 1000 वॉटचा हीटर लावला, की फेजमधून (वीज आणणाऱ्या वायरमधून) सुमारे 4.35 अँपिअर जातात आणि तेवढेच न्यूट्रलमधून परततात. क्लॅम्प मीटरनं (वायरभोवती चिमट्यासारखं लावून करंट मोजणाऱ्या मीटरनं) बघा; फक्त एकाच वायरभोवती लावा, दोन्हींभोवती लावलात तर जाणारा आणि परतणारा करंट एकमेकांना रद्द करतात आणि शून्यच दिसेल! न्यूट्रल मध्येच तुटला आणि हीटरचा स्विच चालू असला, तर हीटरकडच्या टोकाला 230 व्होल्ट येतात. न्यूट्रल सोडवण्याआधी मेन स्विच बंद हवाच.