बिझेन याकी

जपानच्या ओकायामा प्रांतातील इम्बे या गावी आणि त्याच्या आसपास घडवली जाणारी, झिलई (काचेसारखा चकचकीत थर) न देता लाकडाच्या जाळावर भाजलेली मातीची भांडी म्हणजे बिझेन याकी. ‘याकी’ म्हणजे भाजलेले; बिझेन हे या मुलखाचे जुने नाव. मध्ययुगापासून आजतागायत ज्यांच्या भट्ट्या विझल्या नाहीत अशा सहा केंद्रांत त्याची गणना होते : एचिझेन, सेतो, तोकोनामे, शिगाराकी, तांबा आणि बिझेन. ‘सहा प्राचीन भट्ट्या’ हे नाव मृत्पात्रींचे अभ्यासक कोयामा फुजिओ यांनी रूढ केले, आणि २०१७ मध्ये या सहाही केंद्रांना मिळून ‘जपानचा वारसा’ हा दर्जा मिळाला.

बिनझिलईचे मातीचे भांडे म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे माठ येतो. बिझेन त्याहून वेगळे आहे. माठ हजार अंशांच्या आत भाजतात, त्याची माती सच्छिद्र राहते, पाणी पाझरते आणि म्हणूनच ते गार होते. बिझेनचे भांडे १,२०० अंश सेल्सिअसच्याही वर जाते. त्या उष्णतेत मातीचे कण एकमेकांत वितळून घट्ट बसतात आणि भांडे जवळजवळ दगडासारखे होते. बोटाने टिचकी मारली तर खणखणीत आवाज येतो. जपानी भाषेत या प्रकाराला ‘याकिशिमे’, म्हणजे भाजून आवळलेले, असे म्हणतात.

या भांड्यांचे सारे रूप मातीच्या एका उणिवेतून आले आहे. इम्बेची मुख्य माती ‘हियोसे’. ती भातखाचरांखाली काही मीटर खोलवर सापडते आणि भाताची कापणी झाल्यावर, हिवाळ्यात खणून काढतात. ती काळपट, अतिशय चिकट आणि बारीक असते. तिच्यात लोह आणि कुजलेला पाला-मुळ्यांचा अंश भरपूर असतो. चाकावर ती हवी तशी वळते, पण आगीत फार आकसते. झिलईचा थर तिच्यावर नीट टिकत नाही. शिवाय आच एकदम वाढवली तर भांडे फुगते किंवा तडकते. म्हणून झिलई टळली आणि भाजणी लांबली. खणलेली माती उन्हापावसात मुरत ठेवतात, डोंगरातली माती तिच्यात मिसळतात, आणि मगच ती मळायला घेतात.

भाजणीला तांबड्या पाइनची लाकडे लागतात. त्यांतल्या राळेमुळे ज्वाळा लांब उठते आणि भट्टीच्या पार टोकापर्यंत पोहोचते. जाळ साधारण दहा दिवस ते दोन आठवडे अहोरात्र चालतो. पाळ्या लावून माणसे लाकूड घालत राहतात. मग भट्टीची तोंडे लिंपून बंद करायची आणि ती निवण्याची वाट पाहायची. अशी मोठी भाजणी वर्षातून एकदा-दोनदाच होते, त्यामुळे ती बिघडली तर कित्येक महिन्यांचे काम हातचे जाते.

रंगाचा एकही थेंब न लावता बिझेनच्या भांड्यांवर जे रंग दिसतात, ते भट्टीत ते भांडे कुठे बसले होते याची खूण असतात. आगीच्या तोंडाशी असलेल्या भांड्यांवर पाइनची राख उडून पडते आणि वितळते. त्या पिवळट कणांना ‘गोमा’, म्हणजे तीळ, म्हणतात. राख जास्त झाली तर ती ओघळते. जमिनीलगतची भांडी निखाऱ्यांत आणि राखेत गाडली जातात, तिथे हवा कमी पडते आणि माती राखाडी, निळसर, काळी होते, हे ‘सांगिरी’. एका ताटलीवर दुसरे लहान भांडे ठेवून भाजले तर झाकलेल्या जागी गोल तांबूस ठसा राहतो. त्याचे नाव ‘बोतामोची’, तांदळाच्या आणि लाल चवळीसारख्या कडधान्याच्या एका गोड गोळ्यावरून पडलेले.

‘हिदासुकी’ हा प्रकार मात्र थांबून पाहावा असा आहे. हातात एक छोटा पेला घ्या. त्याचा रंग भाजलेल्या पोळीसारखा फिका, आणि त्यावर शेंदरी-लाल रेघा, कुठे बारीक, कुठे पसरट, एकमेकींना ओलांडणाऱ्या. कुंचल्याने ओढाव्यात अशा त्या वाटतात, पण कुंचला त्या पेल्याच्या वाऱ्यालाही उभा राहिलेला नसतो. भांडी एकात एक रचताना ती चिकटू नयेत म्हणून मध्ये भाताचा पेंढा घालत. पेंढ्यातील पोटॅशियमसारखे क्षार आणि मातीतील लोह यांची आगीत गाठ पडली की जिथे जिथे काडी टेकली होती तिथे लाल रेघ उमटते. पेंढा जळून जातो, त्याची रेघ राहते. पुढे कुंभार मुद्दाम पेंढा गुंडाळू लागले, आणि असे भांडे राखेपासून वाचवण्यासाठी मोठ्या भांड्याच्या पोटात ठेवून भाजू लागले.

‘भट्टी देईल ते खरे’ असे बिझेनबद्दल सर्रास लिहिले जाते. त्यात तथ्य आहे, पण अर्धेच. भट्टी रचण्याचे काम कित्येक दिवस चालते, आणि कोणते भांडे उभे, कोणते आडवे, कोणते कोणाच्या आडोशाला हे कुंभार अनुभवाने ठरवतो. त्याचे नक्षीकाम तिथेच होते. त्याला योगायोग म्हणणे म्हणजे त्या हातांचे श्रेय काढून घेणे होय.

या कलेचे मूळ ‘सुए’ भांड्यांत आहे. साधारण पाचव्या शतकात कोरियन द्वीपकल्पातून आलेल्या तंत्राने ही करडी, कठीण भांडी बनू लागली. बाराव्या शतकाच्या सुमारास या भागातील भट्ट्या इम्बेकडे सरकल्या. पुढची काही शतके इथे रांजण, बरण्या आणि आतून खाचा पाडलेली खलपात्रे हाच मुख्य माल होता. सेतो अंतर्देशीय समुद्रातून तो दूरदूर जाई. ‘फेकले तरी न फुटणारे बिझेनचे खलपात्र’ ही म्हण त्या काळाची आठवण सांगते. बिझेनच्या रांजणात पाणी नासत नाही, असेही लोक म्हणत. सोळाव्या शतकात चहाविधीच्या जाणत्यांना या खरबरीत, अबोल भांड्यांत सौंदर्य दिसले आणि शेतकऱ्याच्या घरातले पात्र चहाच्या खोलीत मानाने जाऊन बसले.

एदो काळात (सतरावे ते एकोणिसावे शतक) या मुलखावर राज्य करणाऱ्या इकेदा घराण्याच्या आश्रयाने दक्षिण, उत्तर आणि पश्चिम अशा तीन सामाईक भट्ट्यांत सारे काम एकवटले. दक्षिणेकडच्या भट्टीचे अवशेष सुमारे ५४ मीटर लांब आहेत. अशी भट्टी पेटवणे हा सगळ्या गावाचा उद्योग असे. पुढे गुळगुळीत, रंगीत चिनी मातीची भांडी स्वस्त झाली आणि बिझेनला उतरती कळा लागली. विसाव्या शतकात कानेशिगे तोयो (१८९६–१९६७) यांनी सोळाव्या शतकातील मातीचा पोत आणि भाजणी यांचा ध्यास घेऊन शोध घेतला. बिझेन आज उभे आहे ते बव्हंशी त्यांच्यामुळे. १९५६ मध्ये ते ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ ठरले; पारंपरिक कलेतल्या श्रेष्ठ कारागिरांना जपान सरकार देते तो हा मान. त्यांच्यानंतर फुजिवारा केई, यामामोतो तोशू, फुजिवारा यू आणि इसेझाकी जुन यांनाही हा मान मिळाला. एकाच कलेला, एकाच परिसरात असे पाच जण लाभणे ही मोठीच गोष्ट आहे.

इम्बेला जायचे तर ओकायामा शहरातून आको मार्गावरची गाडी धरावी. सुमारे ४० मिनिटे लागतात. गावात विटांची तांबडी धुराडी घरांमागून डोकावतात. आमात्सु देवळात दाराशी राखणदार सिंहाच्या जोड्या, कौले, भिंतीतल्या फरश्या सारे बिझेनचेच आहे. ऑक्टोबरमधल्या तिसऱ्या शनिवार-रविवारी भांड्यांची जत्रा भरते.

ओकायामातील कोराकुएन हे उद्यानही याच इकेदा घराण्याचे. इकेदा त्सुनामासा यांच्या हुकमावरून त्सुदा नागातादा या अधिकाऱ्याने ते १६८७ ते १७०० या काळात उभे केले. पुण्याच्या सिंहगड रस्त्यावरील पु. ल. देशपांडे उद्यान, म्हणजे पुणे-ओकायामा मैत्री उद्यान, याच कोराकुएनच्या धर्तीवर आखलेले आहे. तिथल्या तळ्याकाठी फिरणाऱ्यांनी नकळत नागातादांची आखणी पाहिलेली असते.

नागातादांचे दुसरे काम बिझेनच्या डोंगरात आहे : शिझुतानी शाळा. इकेदा मित्सुमासा यांनी १६७० मध्ये ती सामान्य रयतेच्या मुलांसाठी काढली, ज्या काळात शिक्षण हा सामुराईंचा मक्ता होता. आजचे सभागृह १७०१ चे असून ते राष्ट्रीय ठेवा आहे. आतल्या लाकडी जमिनीवर शतकांच्या पुसण्याने अशी चकाकी आली आहे की खिडक्यांच्या कमानी तिच्यात पाण्यात पडाव्यात तशा उमटतात. आवाराभोवती माथा गोलाकार घडवलेली, ७६५ मीटर लांबीची दगडी भिंत आहे. शरद ऋतूत अंगणातली दोन झाडे, एक लाल, एक पिवळे, पेटल्यासारखी दिसतात. आणि त्या सभागृहाचे छप्पर बिझेनच्या कौलांचे आहे. त्यातले एकही कौल दुसऱ्याच्या रंगाचे नाही : कुठे तांबूस, कुठे विटकरी, कुठे राखाडी, जसे ज्याला भट्टीत स्थान मिळाले तसे.