पीकेजी: फ्रीबीएसडीच्या जुन्या पॅकेज साधनांची बदली

फ्रीबीएसडी ही युनिक्स घराण्यातली मुक्त ऑपरेटिंग सिस्टीम. तिच्यावर बाहेरचे सॉफ्टवेअर बसवायचे, काढायचे किंवा अद्ययावत करायचे तर आज पीकेजी ही एकच कमांड पुरते. तिच्याआधी १९९३ पासून या कामासाठी पीकेजी-ॲड, पीकेजी-इन्फो, पीकेजी-डिलीट, पीकेजी-क्रिएट अशा सुट्या कमांडांचा एक संच वापरात होता. त्याला एकत्रितपणे पीकेजी-इन्स्टॉल म्हणत. हा संच बदलण्याचे काम २०१० मध्ये सुरू झाले. नव्या साधनाची १.० आवृत्ती ऑगस्ट २०१२ मध्ये आली, जानेवारी २०१४ मधल्या फ्रीबीएसडी १०.० मधून जुना संच काढून टाकला गेला आणि १ सप्टेंबर २०१४ रोजी त्याचा उरलासुरला आधारही संपला. म्हणजे साधन तयार झाल्यावरही जुने साधन निरोप घेईपर्यंत दोन वर्षे गेली. या बदलीतला खरा शिकण्यासारखा भाग त्या दोन वर्षांतला आहे.

पार्श्वभूमी

फ्रीबीएसडीमध्ये दोन भाग पहिल्यापासून वेगळे मानले जातात. कर्नल (यंत्रावर थेट ताबा ठेवणारा गाभा), मूलभूत कमांडा आणि लायब्ररी (इतर प्रोग्रॅमांनी वापरायचा सामायिक कोड) मिळून होते ती मूळ प्रणाली. ती प्रकल्पाचे लोक एकत्र लिहितात आणि एकत्रच प्रसिद्ध करतात. ब्राउझर, डेटाबेस, संपादक वगैरे बाकी सगळे बाहेरचे. या बाहेरच्या सॉफ्टवेअरसाठी १९९४ पासून पोर्ट्स नावाची योजना आहे. मूळ कोड कुठून उतरवायचा, त्यात कोणत्या दुरुस्त्या करायच्या आणि तो कसा बांधायचा याची कृती प्रत्येक पोर्टमध्ये लिहिलेली असते. त्या कृतीने एकदा बांधून ठेवलेला तयार डबा म्हणजे पॅकेज. पोर्ट्स आणि पीकेजी-इन्स्टॉल या दोन्हींची सुरुवात जॉर्डन हबर्ड यांनी केली. काही शेकडा पोर्ट होते त्या काळासाठी ती साधने नेटकी होती. पोर्टांची संख्या वीस हजारांच्या पुढे गेली तरी साधने मात्र जवळपास होती तिथेच राहिली.

जुनी वही

जुन्या पद्धतीत बसवलेल्या प्रत्येक पॅकेजसाठी 'व्हार' या फोल्डराखालच्या एका ठरावीक जागी एक फोल्डर तयार होई. त्याच्या नावातच पॅकेजची आवृत्ती असे. आत साध्या मजकुराच्या काही फाइली: एकीत बसवलेल्या फाइलींची यादी, दुसरीत वर्णन, तिसरीत या पॅकेजवर कोणकोण अवलंबून आहे त्यांची नावे. दुकानात प्रत्येक गिऱ्हाइकाच्या उधारीची चिठ्ठी वेगळ्या खिळ्याला टोचून ठेवावी तसा हा कारभार. गिऱ्हाइके मोजकी असतील तर चिठ्ठ्याच सोयीच्या, कारण नुसत्या डोळ्यांनी वाचता येतात आणि काही बिघडले तर संपादकात उघडून हाताने दुरुस्त करता येतात. अनेक जुन्या वापरकर्त्यांना ही पद्धत मनापासून आवडे आणि त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते.

अडचण यायची ती चिठ्ठ्यांचा एकमेकींशी मेळ घालताना. एखादी फाइल कोणत्या पॅकेजची हे शोधायचे तर सगळ्या याद्या चाळाव्या लागत. अवलंबित्वाची नोंद नाव आणि आवृत्ती मिळून होई, त्यामुळे एका लायब्ररीची आवृत्ती बदलली की तिच्यावर विसंबलेल्या प्रत्येक पॅकेजच्या नोंदीत जुनेच नाव राही. दोन कमांडा एकाच वेळी चालल्या आणि एक अर्धवट थांबली, तर अर्धी लिहिलेली नोंद तशीच पडून राही.

सगळ्यांत मोठी उणीव म्हणजे या संचात अद्ययावत करण्याची कमांडच नव्हती. पीकेजी-ॲडला दूरच्या सर्व्हरवरून पॅकेज आणता येई, पण बसलेले जुने पॅकेज नव्याने बदलून, त्याच्यावर अवलंबून असलेल्यांची सोय लावणे तिला येत नसे. ही पोकळी लोकांनी आपापल्या परीने भरली. आकिनोरी मुशा यांनी रुबी भाषेत पोर्टअपग्रेड लिहिले, डग बार्टन यांनी शेल स्क्रिप्टमध्ये पोर्टमास्टर लिहिले. पोर्टअपग्रेडने तर चिठ्ठ्यांच्या वर स्वतःचा वेगळा डेटाबेस ठेवला. मग चिठ्ठ्या आणि हा डेटाबेस यांचे जमेनासे झाले की दुरुस्तीची कमांड चालवायची आणि 'हे अवलंबित्व जुने आहे, कशाशी जोडू?' अशा प्रश्नांना एकेक करून उत्तरे देत बसायचे. त्या काळी फ्रीबीएसडी चालवणाऱ्या कुणालाही हा संवाद विसरता आलेला नसेल.

शिवाय एखाद्या प्रकाशनासोबत बांधलेली पॅकेजे तिथेच गोठत. ताजे हवे असेल तर पोर्टमधून स्वतः बांधा, हाच व्यवहारातला सल्ला होता. पीएनजी चित्रांची लायब्ररी २०१० मध्ये बदलली तेव्हा तिच्यावर विसंबलेले सगळे सॉफ्टवेअर, म्हणजे डेस्कटॉपचा बहुतेक भाग, पुन्हा बांधावा लागला. घरच्या संगणकावर ते रात्रभराचे काम होते, आणि सकाळी उठून पाहावे तर मध्येच कुठेतरी अडकलेले.

नवी वही

फ्रेंच विकासक बातिस्त दारूसँ यांनी २०१० च्या सुमारास नव्या साधनाला हात घातला. कामाचे नाव होते पीकेजीएनजी. शेवटची दोन अक्षरे 'पुढच्या पिढी'च्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे. नाव तात्पुरतेच होते. पुढे ती शेपटी गळून नुसते पीकेजी उरले.

रचनेतला मुख्य निर्णय असा, की चिठ्ठ्या फेकून एकच खतावणी ठेवायची. बसवलेल्या सगळ्या पॅकेजांची नोंद एसक्यूलाइटच्या एका डेटाबेस फाइलमध्ये जाते. नोंद पुरी होते किंवा होतच नाही, अर्धवट राहत नाही. कोणती फाइल कुणाची, कोणते पॅकेज आता कुणालाच नको आहे, कशाची बेरीज-तपासणी (फाइल बदललेली नाही ना, हे पाहण्याचा आकडा) जुळत नाही, हे प्रश्न साधे होतात. मूळ कामे करणारा भाग लायब्ररी म्हणून वेगळा लिहिला, त्यामुळे इतर साधनांना कमांडचे छापील उत्तर वाचून अर्थ लावण्याची गरज राहिली नाही.

वापरकर्त्याच्या हातात काय आले, ते सांगायला थोडे शब्द पुरे. इन्स्टॉल, डिलीट, अपग्रेड, इन्फो, सर्च, विच या उपकमांडा. एखादे पॅकेज आहे त्याच आवृत्तीवर अडकवून ठेवणारे लॉक. कुणालाच नको असलेली पॅकेजे झाडून काढणारे ऑटोरिमूव्ह. आणि बसवलेल्यांपैकी कशात सुरक्षेची त्रुटी माहीत आहे ते सांगणारे ऑडिट. जुलै २०१४ मधल्या १.३ आवृत्तीत अवलंबित्वाचे तिढे सोडवण्यासाठी गणिती पद्धतीचा सॉल्व्हर आला. तोवर साधन बऱ्याच ठिकाणी अंदाजपंचे पुढे जात असे.

एक जरा विचित्र वाटणारा निर्णय म्हणजे पीकेजी मूळ प्रणालीत नाही. ते स्वतःच एक पोर्ट आहे. मूळ प्रणालीत त्याच नावाचा एक छोटा प्रोग्रॅम असतो; पहिल्यांदा हाक मारली की तो खरे पीकेजी उतरवून बसवतो आणि नंतर प्रत्येक हाक त्याच्याकडे पोचवतो. कारण व्यावहारिक आहे. मूळ प्रणालीची एकेक शाखा वर्षानुवर्षे सांभाळावी लागते. साधन तिच्यातच बांधलेले असते तर आज झालेली सुधारणा जुन्या शाखेवर पोचायला पुढच्या प्रकाशनाची वाट पाहावी लागली असती. पीकेजी-इन्स्टॉल गोठून राहिले त्यामागे हेही एक कारण होते.

रिकामे कोठार

ऑगस्ट २०१२ मध्ये १.० आवृत्ती आली. वर्षअखेरच्या फ्रीबीएसडी ९.१ मध्ये तो छोटा प्रोग्रॅमही होता. पण त्याने उतरवायचे कुठून?

११ नोव्हेंबर २०१२ रोजी प्रकल्पाच्या सर्व्हरांपैकी दोन यंत्रांत घुसखोरी झाल्याचे आढळले. घुसणाऱ्याने कुलूप तोडले नव्हते. एका विकासकाची एसएसएच किल्ली, म्हणजे दुरून सर्व्हरमध्ये शिरण्याची त्याची डिजिटल ओळख, घुसणाऱ्याच्या हाती लागली होती. ती दोन्ही यंत्रे जुन्या पॅकेज-बांधणी व्यवस्थेची प्रमुख यंत्रे होती. मूळ प्रणालीच्या कोडला धक्का लागला नव्हता, पण १९ सप्टेंबरपासून पुढे बांधलेल्या पॅकेजांबद्दल खात्री देता येत नव्हती. प्रकल्पाने हे १७ नोव्हेंबरला जाहीर केले आणि बांधणी व्यवस्था नव्याने, कडक विभागणी करून उभारायला घेतली. ९.१ हे प्रकाशन रखडत ३० डिसेंबरला निघाले. नव्या पीकेजीसाठी अधिकृत पॅकेजे मिळायला ऑक्टोबर २०१३ उजाडला. साधन तयार होते, त्याला आणायला माल नव्हता. दरम्यानच्या वर्षभरात ज्यांना नवे साधन वापरायचे होते त्यांनी स्वतःची कोठारे, म्हणजे तयार पॅकेजांचे साठे असलेले सर्व्हर, उभारली किंवा पीसी-बीएसडीसारख्या संबंधित प्रकल्पांकडे वळून पाहिले.

घुसखोरीने वेळ खाल्ला हे खरे, पण ती झाली नसती तरी जुनी बांधणी व्यवस्था नव्या साधनाला पुरली नसती, असे या लेखकाचे मत. तिचे नाव होते पॉइंटीहॅट. बांधणी मोडणाऱ्या विकासकाच्या डोक्यावर शाळकरी शिक्षेची टोकदार टोपी चढवायची, या प्रकल्पातल्या जुन्या थट्टेवरून ते आले होते. तिची जागा घेणाऱ्या साधनाचे नाव पुद्रिएर. हेही दारूसँ यांचेच. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ दारूगोळ्याचे कोठार. पुद्रिएर प्रत्येक पोर्ट एका स्वच्छ, बंदिस्त 'जेल'मध्ये, म्हणजे बाकी यंत्रापासून तोडलेल्या कप्प्यात बांधते, त्यामुळे बांधणाऱ्या यंत्रावर आधीपासून पडलेल्या वस्तूंचा पॅकेजला संसर्ग होत नाही. ते कुणालाही आपल्या सर्व्हरवर चालवता येते, आणि मोठ्या संस्था आज नेमके तेच करतात.

कोठारावर विश्वास कसा ठेवायचा हा प्रश्नही आता टाळता येत नव्हता. जुन्या पीकेजी-ॲडचा भरवसा एफटीपी सर्व्हरवर असे. नव्या व्यवस्थेत कोठाराच्या सूचीवर सही असते, ती तपासायच्या किल्ल्यांचे ठसे मूळ प्रणालीसोबत येतात, आणि पुढे त्या छोट्या प्रोग्रॅमलाही उतरवलेल्या पीकेजीची सही तपासण्याचे काम लावले गेले.

स्टेजिंग

बदलीतला सर्वांत कष्टाचा भाग वापरकर्त्यांना दिसलाच नाही. पूर्वी पोर्ट बांधले की फाइली थेट खऱ्या जागी बसत आणि मग तिथून उचलून पॅकेज तयार होई. म्हणजे डबा भरण्यासाठी आधी पदार्थ पंगतीत वाढायचा. यादीत एखादी फाइल लिहायची राहिली, तर ती पॅकेजमध्ये जात नसे आणि काढतानाही मागे उरे. बांधणीसाठी रूट, म्हणजे यंत्राच्या सर्वोच्च प्रशासकाचे, अधिकारही लागत.

ऑक्टोबर २०१३ मध्ये पोर्ट्समध्ये स्टेजिंग आले: फाइली आधी वेगळ्या तात्पुरत्या फोल्डरात मांडायच्या, तिथून पॅकेज करायचे आणि तेच पॅकेज खऱ्या जागी बसवायचे. ऐकायला एका वाक्याचे काम. प्रत्यक्षात वीस हजारांवर पोर्ट एकेक करून सुधारावे लागले, कारण कुठे बांधणीची कृतीच खऱ्या जागेचा पत्ता गृहीत धरून बसली होती, तर कुठे याद्या वर्षानुवर्षे चुकीच्या होत्या. ज्यांचा वाली कुणी उरला नव्हता अशा अनेक पोर्टांना २०१४ मध्ये निरोप मिळाला.

स्थलांतर

चालू यंत्रावरची चिठ्ठ्यांची वही खतावणीत उतरवण्यासाठी पीकेजी-टू-एनजी नावाची एक स्क्रिप्ट होती. पोर्टमधून बांधणाऱ्यांनी मेक-कॉन्फ या फाइलमध्ये नवे साधन वापरण्याची एक ओळ घालायची, स्क्रिप्ट चालवायची आणि पुन्हा जुन्या कमांडांना हात लावायचा नाही. रस्ता एकदिशा होता. मात्र जुन्या कमांडा त्यानंतरही यंत्रावर हजर असत, आणि सवयीने कुणी पीकेजी-इन्फो चालवले तर ती शांतपणे जुन्या जागी पाहून जवळजवळ काहीच बसवलेले नाही असे सांगे. जिथे जुन्या नोंदी आधीच बिघडलेल्या होत्या तिथे स्क्रिप्ट काही पॅकेजांवर अडखळे. ती पुन्हा बसवावी लागत. कित्येक प्रशासकांनी हे सारे टाळून यादी काढली, सगळे पुसले आणि नव्याने बसवले. नाराजी होतीच, विशेषतः मजकुराच्या फाइली जाऊन डेटाबेस आल्याबद्दल. १ सप्टेंबर २०१४ नंतर पोर्ट्सच्या यंत्रणेतून जुन्या साधनासाठीची सोय काढली गेली आणि तो वाद निकालात निघाला.

शेजारपाजार

हाच प्रश्न शेजाऱ्यांनी, म्हणजे युनिक्स घराण्यातल्या इतर प्रणालींनी, वेगवेगळ्या तऱ्हेने सोडवला. ओपनबीएसडीमध्ये मार्क एस्पी यांनी जुन्याच नावाच्या कमांडा पर्ल भाषेत नव्याने लिहिल्या; बोटांची सवय तीच राहिली, आतले सगळे बदलले. नेटबीएसडीने जुना संच सुधारत ठेवला आणि वर पीकेजीइन नावाचा थर दिला. ड्रॅगनफ्लाय बीएसडीने २०१३ मध्ये आपली आधीची व्यवस्था सोडून फ्रीबीएसडीच्या पोर्ट्सवर आधारलेले डीपोर्ट्स आणि सोबत हेच पीकेजी घेतले. सोलारिस ११ मध्ये २०११ साली झालेला बदल याहून खोल होता, कारण तिथे पूर्ण ऑपरेटिंग सिस्टीमच नव्या पॅकेज व्यवस्थेवर चढवली गेली.

मूळ प्रणालीची पाळी

फ्रीबीएसडीने ते पाऊल उशिरा उचलले. मूळ प्रणालीही पॅकेजांत विभागण्याचा पीकेजीबेस हा प्रयत्न २०१६ पासून उघडपणे सुरू होता. डिसेंबर २०२५ मधल्या १५.० मध्ये मूळ प्रणाली पॅकेजांतून बसवायची की जुन्या पद्धतीच्या गठ्ठ्यांतून, हे इन्स्टॉलर विचारतो. यामुळे 'मूळ' आणि 'बाहेरचे' यांची खतावणी प्रथमच एक झाली, आणि एक नवा धोकाही आला: 'सगळी पॅकेजे काढ' ही कमांड पूर्वी निरुपद्रवी होती, कारण ती फक्त बाहेरचे सॉफ्टवेअर पुसे. आता तिच्या यादीत कर्नल आणि शेलही येऊ शकतात. म्हणून अत्यावश्यक पॅकेजांवर तशी खूण असते आणि जोर केल्याशिवाय पीकेजी त्यांना हात लावत नाही.