आधी इंग्रजी, मगच जपानी?

“इंग्रजी पक्कं नसेल तर जपानी-जर्मनच्या नादाला लागू नका.” बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या ग्रुपांवर हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. तो पटतो, कारण परकीय भाषांची बरीचशी पुस्तकं आणि अ‍ॅप इंग्रजीतूनच शिकवतात. पण ती झाली शिकवण्याची सोय. भाषेची अट नव्हे.

घरी वहीवर पडताळून बघा. “मी पाणी पितो.” खाली कानडी लिहा: “नानु नीरु कुडियुत्तेने.” त्याखाली जपानी: “वाताशी वा मिझु ओ नोमिमास.” तिन्हींत आधी मी, मग पाणी, शेवटी पिणं. आता इंग्रजी लिहा: “आय ड्रिंक वॉटर.” क्रियापद मधे आलं. म्हणजे जपानी वाक्य इंग्रजीतून समजून घेताना आपण उलटा वळसा घालतो! त्यातला “ओ” तर आपल्या विभक्तीसारखा शब्दामागे लागतो. जपानीच्या हिरागाना लिपीचा क्रमही बघा: आ, इ, उ, ए, ओ, मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. आपल्या वर्णमालेशी असलेलं हे साम्य योगायोगाचं नाही, तो क्रम संस्कृत वर्णमालेच्या प्रभावातूनच आला. कांजी, म्हणजे चिनीतून जपानीत आलेली चिन्हं, मात्र घोटावीच लागतात, तिथे इंग्रजीही कामाला येत नाही.

जर्मनला इंग्रजीची मदत होते, शब्द जवळचे आहेत. पण तिथली तीन लिंगं मराठी माणसाला नवी नाहीत. इंग्रजीत नामांना ती नाहीतच.

बेळगावच्या खडेबाजारात एका गिऱ्हाइकाला मराठीत आणि दुसऱ्याला कानडीत भाव सांगणाऱ्या मावशी दुसरी भाषा इंग्रजीवाचूनच शिकल्या. तुम्हीही आज हिरागानाची पहिली पाच अक्षरं गिरवायला घ्या.